दीड गुंठ्याचे बागायतदार

अमेरिकेत उभा जन्म काढलेला मराठी माणूस निवृत्त झाला की पहिले काही महिने गॅरेज आवरतो. ते आवरून झालं की त्याचं काहीतरी एक ठरतं. कुणी गीतेवर ऑनलाइन वर्ग घेतो, कुणी महाराष्ट्र मंडळाची घटना दुरुस्त करायला निघतो, कुणी नातवंडांना रामरक्षा शिकवतो. आणि कुणी परसात फळझाड लावतो. पहिल्या तिघांपासून समाजाला फारसा धोका नाही. त्यांना टाळता येतं. चौथ्याला टाळता येत नाही, कारण वर्षातून एकदा त्याच्याकडे खरोखरीच चांगलं फळ येतं, आणि त्या फळाच्या आशेने भलीभली माणसं उरलेले अकरा महिने त्याचं ऐकून घेतात.

आमच्या फ्रीमाँटमधले बापूकाका या चौथ्या जातीचे. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं, घरचा आठ एकर ऊस. पाटाचं पाणी रात्री अपरात्री धरायला लागू नये एवढ्याच एका कारणासाठी आपण इंजिनीअर झालो, असं ते स्वतःच सांगतात. पुढे सिलिकॉन व्हॅलीत चिपा बनवणाऱ्या एका कंपनीत, धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून त्यांनी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पहिली खरेदी केली ती खुरप्याची. घरामागच्या जागेची मोजणी त्यांनी स्वतः टेप धरून केली आणि ‘दीड गुंठा भरतंय’ असं गावाकडच्या भावाला कळवलं. त्या दीड गुंठ्यातच काकूंची तुळस, कपडे वाळत घालायची दोरी आणि नातवाची घसरगुंडीही येते. पण सातबारा काढायचा झाला तर पीकपाण्याच्या रकान्यात बापूकाका एकच गोष्ट लिहितील : नाशपाती. तीही साधी नव्हे, एशियन पेअर.

तशी सुरुवात त्यांनी हापूसनेच केली होती. कॅलिफोर्नियातला प्रत्येक मराठी माणूस करतो. पहिल्याच डिसेंबरात दवाने कलम काळं पडलं आणि काका आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग नर्सरीवाल्याने सुचवलं, इथे थंडीत मरणारं झाड लावण्यापेक्षा थंडीवर जगणारं लावा. नेहमीच्या, मानेकडे निमुळत्या होणाऱ्या युरोपियन पेअरचं काकांना वावडं होतं. ते फळ कच्चं उतरवायचं, घरात पिकवायचं, आणि पिकलं कधी हे कुणालाच कळत नाही. सोमवारी दगड, गुरुवारी लगदा, मधला खाण्याजोगा दिवस बहुधा आपण ऑफिसात असतो. एशियन पेअरचं तसं नाही. ती झाडावरच पिकते. गोल, सफरचंदाच्या आकाराची, पिकली तरी कडक आणि कुरकुरीत, आणि चावा घेतला की मनगटापर्यंत ओघळ. तोडली की खाता येते. ‘हे फळ स्पेसिफिकेशनप्रमाणे वागतं,’ काका म्हणाले, आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं.

नाशपातीवाल्या माणसाची पहिली खूण म्हणजे त्याला थंडी आवडायला लागते. पानं गळल्यावर हे झाड झोपतं, आणि त्याला जागं व्हायला ठरावीक तासांची थंडी अंगावर घ्यावी लागते. तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले तास मोजायचे. कुठल्या जातीला साडेचारशे पुरतात, कुठल्या जातीला त्याच्या दुप्पट लागतात. ते भरले नाहीत तर वसंतात फुलं रडतखडत येतात, एका फांदीवर आज आणि दुसरीवर तीन आठवड्यांनी. बापूकाकांनी खोडाला सेन्सर बांधला आहे. त्याचा आलेख फोनवर येतो. जानेवारीत सगळं गाव हीटरच्या बिलाने हवालदिल असतं तेव्हा काकांचा सकाळी फोन येतो : ‘काल रात्री अकरा तास मिळाले!’ आवाज असा, की बोनसच जमा झाला. मागून काकू ओरडत असतात, ‘अहो, ते दार लावा आधी. झाडाला थंडी पाहिजे, मला नकोय.’

दुसरी खूण म्हणजे सोयरीक जुळवण्याचा नाद. एशियन पेअरच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर नीट फळ धरत नाहीत, शेजारी दुसरी जात लागते. काकांनी हे वाचलं होतं, म्हणून त्यांनी दोन झाडं आणली : निजिसेइकी आणि किकुसुई. दोन्ही जपानी, दोन्ही पिवळसर हिरव्या सालीच्या, दोन्ही एकाच वेळी फुलणाऱ्या. जोडा दृष्ट लागण्यासारखा. मार्चमध्ये पांढऱ्या फुलांनी झाडं झाकून गेली, मधमाशा आल्या, फोटो निघाले, ते फोटो आम्हा सगळ्यांना आले. पुढे निजिसेइकीवर इनमिन मूठभर फळं धरली, किकुसुईवर त्याहून कमी. काकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की नाशपातीच्या फुलातला स्त्रीकेसर परागकणाची वंशखूण तपासतो आणि आपल्याच खुणेचा पराग आला तर त्याची नळी वाटेतच अडवतो. प्रत्येक जातीकडे अशा दोन खुणा असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिलेत. निजिसेइकीकडे दोन आणि चार. किकुसुईकडेही दोन आणि चार. आणि त्यात नवल नाही, कारण किकुसुई ही निजिसेइकीचीच लेक. ‘सगोत्र!’ काका कपाळावर हात मारून म्हणाले. ‘नर्सरीवाल्याने पत्रिका बघितली नाही.’

तेव्हापासून काकांच्या भिंतीवर एक तक्ता आहे. उभ्या रकान्यात जाती, आडव्या रकान्यात जाती, चौकटींत बरोबर आणि फुलीच्या खुणा. चोजुरोचं होसुईशी निम्मंच जमतं, होसुईचं निजिसेइकीशी पूर्ण. चिनी ‘या ली’ गोत्राने चालते, पण ती इतकी लवकर फुलते की बाकीच्यांशी मुहूर्तच जुळत नाही. कोरियन लोकांची लाडकी ती नीताका, नारळाएवढी होते, पण तिचा पराग वांझ. तिला स्थळ द्यावं लागतं, तिच्याकडून घेता काहीच येत नाही. हा तक्ता काका पाहुण्यांना चहाआधी दाखवतात. माझ्या एका मित्राच्या लग्नाळू मुलीने तो बघून भाबडेपणाने विचारलं, ‘काका, तुम्ही अरेंज्ड मॅरेजच्या विरुद्ध होतात ना?’ काका म्हणाले, ‘माणसांच्या.’

दोन झाडांवर एवढ्या जाती कशा, असं कुणी विचारलं की काकांना तेच हवं असतं. बी पेरून आईबापासारखी नाशपाती येत नाही, कलमच बांधावं लागतं. एका झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या जाती बांधता येतात. त्यासाठी काड्या लागतात. कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स ही १९६८ पासूनची हौशी फळझाडवाल्यांची संस्था. तिच्या शाखा हिवाळ्यात काड्यांच्या अदलाबदलीचे मेळावे भरवतात. एखाद्या सार्वजनिक हॉलमध्ये लांब टेबलं, टेबलांवर पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांच्या जुड्या, जुड्यांना चिकटपट्टीवर लिहिलेली नावं, आणि भोवती साठीपुढच्या माणसांची अशी झुंबड की दादरच्या साडीच्या सेलमध्ये सुद्धा जरा मोकळी जागा सापडेल. बापूकाका तिथे सकाळी दार उघडण्याआधी हजर असतात. परत येतात ते झिपलॉकच्या पिशव्या भरून. ओल्या कागदात गुंडाळलेल्या त्या काड्या मग फ्रिजमध्ये जातात, आणि झाडाला रस चढेपर्यंत, म्हणजे चांगल्या महिना दीड महिना, भाजीच्या खणात राहतात. भारतातून आलेल्या एका मावशींनी त्या दातणाच्या समजून एक चावूनही पाहिली होती. ‘माझ्या फ्रिजमध्ये भाजी कमी आणि समिधाच जास्त,’ काकू म्हणतात. ‘एकदा होमच घालते सगळ्याचा.’

या सगळ्यात काकांचा जीव निजिसेइकीवर. तिची कथा त्यांनी सांगितली नाही असा माणूस फ्रीमाँटात शोधावा लागेल. टोकियोजवळच्या मात्सुदो गावात १८८८ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाला उकिरड्यावर नाशपातीचं रोप उगवलेलं दिसलं. त्याने ते घरी आणून लावलं. दहा वर्षांनी फळ धरलं, ते त्या काळच्या सगळ्या जातींपेक्षा रसाळ आणि गोड निघालं. तज्ज्ञांनी तिचं नाव ठेवलं ‘विसावं शतक’, कारण हे नव्या शतकाचं फळ होणार अशी त्यांची खात्री होती. १९०४ मध्ये तिची रोपं तोत्तोरी प्रांतात गेली आणि त्या प्रांताची ओळखच ती झाली. मूळ झाडाला १९३५ मध्ये सरकारने संरक्षित वारशाचा दर्जा दिला. युद्धात बॉम्ब पडले त्यात ते होरपळलं आणि १९४७ मध्ये वाळून गेलं. इथे काका थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘उकिरड्यावर सापडली!’ त्यामुळे त्यांच्या घरी कंपोस्टच्या ढिगात काही उगवलं की उपटायला बंदी आहे. मध्यंतरी अशाच एका रोपाला त्यांनी दोन वर्षं आळं करून पाणी घातलं. शेवटी ते लोकाटचं निघालं. काकूंनी ते पहिल्या चार पानांवरच ओळखलं होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जपानच्या सहलीला गेले तेव्हा काकूंना फुजीचा डोंगर बघायचा होता आणि मुलाला टोकियो. काकांनी सगळ्यांना क्योटोहून थेट तोत्तोरीला नेलं. तिथल्या कुरायोशी गावात नाशपातीचं खास संग्रहालय आहे. त्यात जुनं, अवाढव्य पसरलेलं निजिसेइकीचं झाड मुळांसकट ठेवलेलं आहे. काकांनी त्याला नमस्कार केला. ती वेळ एप्रिलची. बाहेर बागांमध्ये माणसं पिसांच्या बोंडकाने एकेका फुलाला हाताने पराग लावत होती. आणि झाडं उभी नव्हती, आडवी होती. डोक्याएवढ्या उंचीवर तारांचं जाळं आणि त्यावर फांद्या बांधून पसरलेल्या. वादळं नेमकी फळ पिकायच्या सुमाराला येतात, मोकळ्या झाडावरचं फळ पडून जातं, म्हणून ही व्यवस्था. काकांनी तिथूनच गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. ‘बघ, जपानी तंत्रज्ञान!’ भावाने पलीकडून नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, ‘दादा, ह्यो तर मांडव हाय. तासगावात द्राक्षाला घालत्यात की. हितं यायचं सोडून तकडं कशाला गेलास?’

भावाला हे एकूण प्रकरण मुळातच कळत नाही. ‘दोन झाडाला येवढं पुराण?’ तो विचारतो. ‘हितं आठ एकर ऊस हाय, त्याच्याकडं पण मी येवढं बघत न्हाई.’ काका फोन ठेवतात आणि आम्हाला सांगतात, ‘आपल्याकडे शेतकऱ्याचा अॅप्रोच सायंटिफिक नाही.’

एकदा मात्र काकांची चांगलीच जिरली. शेजारी लुधियानाकडचे एक सरदारजी राहतात. काकांनी त्यांना मोठ्या ऐटीत पहिल्या तोडणीची चोजुरो दिली : तपकिरी साल, खरखरीत, आत पांढरा गर, वासाला किंचित रमची झाक. सरदारजींनी खाल्ली आणि म्हणाले, ‘अरे, ये तो पत्थरनाख है!’ काकांनी समजावलं की ही जपानची खास जात आहे. सरदारजी म्हणाले, आमच्या गावाकडे बांधावर असते, शाळेत जाताना तोडायचो. काकांनी रात्री शोधून पाहिलं. पंजाबात पिढ्यान्‌पिढ्या लावली जाणारी पत्थरनाख ही चोजुरोच्याच कुळातली, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तंतोतंत तीच प्रजाती. दुसऱ्या दिवशी बाजू सावरायला काका कुंपणाशी गेले आणि त्यांनी ह्युएन त्संग काढला. कनिष्काच्या काळी चीनकडच्या ओलिसांनी पीच आणि नाशपाती हिंदुस्थानात आणली, असं त्याने लिहून ठेवलंय, म्हणजे फळ मूळचं पूर्वेकडचंच. ‘किधर लाये थे?’ सरदारजींनी विचारलं. काका जरा घुटमळले. ‘पंजाबात.’ सरदारजींनी मान डोलावली आणि उरलेल्या अर्ध्या फळावर चाट मसाला घातला. ते दृश्य काकांना अजून विसरता आलेलं नाही.

काकांच्या शत्रूंत पहिला नंबर फायर ब्लाइटचा. जीवाणूंचा रोग. बहराच्या दिवसांत हवा उबदार असली आणि वर पाऊस पडला की तो मधमाशांबरोबर फुलात शिरतो. चार दिवसांत शेंडा काळा पडतो, भाजल्यासारखा दिसतो आणि टोकाशी वाकतो. औषध म्हणजे कात्री. काळं दिसतं तिथे कापून भागत नाही, त्याच्याखाली आणखी वीतभर निरोगी दिसणारी फांदीही घालवावी लागते, आणि प्रत्येक कापाआधी कात्री अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. शिंको या जातीला हा रोग सहसा शिवत नाही, होसुईला आणि निजिसेइकीला चटकन धरतो. ही शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा काका पूर्ण सोवळ्यात असतात. कुणी झाडाला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. नोकरीतला पांढरा झगा घरी आणला असता तर बरं झालं असतं, असं त्यांनी एकदा बोलून दाखवलं. पण एवढे कठोर हात, जे रोगट फांदीवर क्षणभरही थबकत नाहीत, ते मे महिन्यात मात्र लुळे पडतात. कारण मे महिना विरळणीचा.

नाशपातीचा एकेक घोस म्हणजे पाच, सात, कधी आठ फुलं. गोत्र जुळलेलं असलं की जवळजवळ सगळी फळ धरतात. फळ बोराएवढं झालं की घोसात एकच ठेवायचं, बाकीची कापून टाकायची, आणि फांदीवर वीतभर अंतराने एक एवढीच उरवायची. नाहीतर फळं खुजी राहतात, बेचव होतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी झाड बहर धरत नाही. हे काकांना तोंडपाठ आहे. मंडळाच्या बागकाम गटात त्यांनी यावर स्लाइडसह भाषणही दिलेलं आहे. पण काका अशा घरात वाढले की जिथे पानात काही टाकलं तर उठता येत नसे. धरलेलं फळ हाताने तोडून जमिनीवर टाकायचं, आणि तेही दहातली नऊ, हे त्यांच्याने होत नाही. एकदा मी समोर होतो. काका स्टुलावर, हातात बारीक कात्री, डोळ्यांसमोर सात फळांचा घोस.

‘यातलं कुठलं काढू?’

‘सहा काढा, एक ठेवा,’ खालून काकू बादली धरून.

‘सहाच्या सहा चांगली आहेत अगं.’

‘चांगली आहेत म्हणून गर्दी आहे.’

‘याला डाग आहे का बघ.’

‘नाही.’

‘मग ते कशाला?’

काकांना प्रत्येक फळाविरुद्ध पुरावा लागत होता. डाग, कीड, वाकडा देठ, काहीही. गुन्हा शाबीत झाला तरच शिक्षा. तासाभरात बादलीत जेमतेम बूड झाकण्यापुरती फळं पडली, आणि खाली उतरल्यावर त्यातलीही काही काकांनी चांगली म्हणून बाजूला काढली. ‘याचं लोणचं घाल,’ ते म्हणाले. काकूंनी घातलं. मोहरी, मेथी, हिंग, गावाकडून आलेलं लाल तिखट. फोडणी उत्तमच होती. पण नाशपातीच्या गरात दगडपेशी असतात. पिकलेल्या चांगल्या फळात त्या फार जाणवत नाहीत, कोवळ्यात मात्र गच्च असतात. ते लोणचं मंडळाच्या सहलीला आलं. मंडळात दातांचे डॉक्टर दोन आहेत. दोघांनी मनापासून तारीफ केली.

त्या वर्षी ऑगस्टात होसुईची मुख्य फांदी भाराने मोडली. उरलेली फळं लिंबाएवढी. जपानच्या आइची प्रांतात २०११ मध्ये २.९४८ किलोची एक नाशपाती गिनीजच्या वहीत नोंदवली गेली आहे. हे काकांनीच आम्हाला पूर्वी सांगितलेलं असल्यामुळे त्या दिवशी कुणी काढलं नाही.

मोडून उरलेल्याला खार. कॅलिफोर्नियातली खार ही आपल्याकडच्या रामाच्या खारीची कुणी लागत नाही. ही मांजरीच्या पिलाएवढी, भुरी, झुपकेदार शेपटीची, आणि सेतू बांधण्यापेक्षा पाडण्याकडे कल. ती फळ तोडते, एक चावा घेते, आवडलं नाही म्हणून टाकते आणि दुसरं तोडते, जणू पहिलं हुकलं तर दुसरं नक्की गोड लागेल. काकांचा संताप चोरीबद्दल नाही, टाकण्याबद्दल आहे. ‘खायचं तर पुरतं खा ना! एक चावा काय? हीच का शिस्त?’ त्यांनी जाळी लावली, प्लास्टिकचं घुबड बसवलं, मिरचीपूड फवारली. घुबडाच्या डोक्यावर बसून खार नाशपाती खाते असा फोटो काकूंनी काढून ठेवला आहे. अळीसाठी वेगळा बंदोबस्त : जपानात प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधतात, इकडचे हौशी लोक बुटांच्या दुकानात माप बघताना घालायचे पातळ नायलॉनचे मोजे चढवतात. काकांनी त्याचा खोका मागवला. जूनमध्ये त्यांच्या परसात झाडभर मोजे लोंबत असतात. रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोस्टमनने फार सौजन्याने चौकशी केली होती, घरात बाळं किती आहेत म्हणून.

आणि मग एका वर्षी खार मे महिन्यातच आली. फळं बोराएवढी, तुरट, दगडपेशींनी भरलेली, तरी तिने एकेक चाखून जमिनीवर सडा घातला. काका अंगणात उभे राहून शिव्या देत होते. काकू शांतपणे केर भरत होत्या. ऑगस्टात त्या झाडावर जी फळं उतरली ती मी स्वतः पाहिली आहेत. एकेक होसुई दोन्ही हातांनी धरावी एवढी, सोनेरी तपकिरी, आणि काकांच्या साखरमापक दुर्बिणीत तेराच्या वर आकडा. काकांनी त्याचं श्रेय हिवाळी छाटणीला आणि थंडीच्या तासांना दिलं. आलेख दाखवला. काकूंनी खारीसाठी कुंपणावर शेंगदाणे ठेवले.

ऑगस्टातला समारंभ मात्र ज्याने अनुभवला त्याने बाकीचं सगळं माफ करावं. फळ फ्रिजमध्ये गार झालेलं असतं. काका साल काढतात, इकडे साल ठेवून खाणाऱ्यांवर एक कटाक्ष टाकून. उभ्या फोडी करून थाळीत मांडतात आणि क्रम सांगतात : आधी निजिसेइकी, मग चोजुरो, शेवटी होसुई, उलटं खाल्लं तर पहिली पाणचट लागते. खाताना नुसतं ‘छान’ म्हटलेलं चालत नाही. पोत, रस, गोडवा, आंबटपणा, असं सविस्तर सांगावं लागतं. आणि एक वाक्य त्या घरात चुकूनही उच्चारायचं नाही : ‘सफरचंदासारखं लागतं हो.’ एका नवख्या जावयाने ते उच्चारलं होतं. त्याला घरी नेण्यासाठी फळं मिळाली, पण खारीने चाखलेली.

बापूकाकांसारखी माणसं आता प्रत्येक गावात आहेत, झाड तेवढं वेगळं. ती थोडी जाच करतात, पण त्यांच्यामुळे शेजाऱ्याला दुकानात न मिळणारं फळ खायला मिळतं, आणि फुकट मिळतं. त्यांच्याकडे बघून तुम्हालाही थंडीच्या मुलखात नाशपाती लावायची ऊर्मी आलीच, तर तीन गोष्टी सांभाळा. दोन जाती लावा आणि गोत्र तपासून लावा. रोगाची भीती असेल तर शिंको लावा. आणि मे महिन्यात घोसाला एकच फळ ठेवा. हात धजत नसेल तर कात्री घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि त्या सकाळी लांब फिरायला निघून जा. बापूकाका हल्ली तसंच करतात.